सहावी वायर

बाबांना दिसायचं जवळजवळ बंद झालं आहे, हे महाडात तिघांनाच माहीत होतं. बाबांना, आईला आणि मला. मुंबईचा डोळ्यांचा डॉक्टर धरला तर चौघांना, पण त्याला आमच्या दुकानाशी काय देणंघेणं! त्यानं काचबिंदू असं नाव सांगितलं, थेंब लिहून दिले आणि राहिलंय तेवढं सांभाळा म्हणाला. राहिलं होतं ते इतकंच, की दार कुठे आहे आणि दारात कोणी उभं आहे की नाही, हे बाबांना उजेडावरून कळायचं. तेवढ्या भांडवलावर ते गाड्यांची वायरिंग करत होते, आणि माणगावपासून पोलादपूरपर्यंतचे ड्रायव्हर लाइटचं काम निघालं की 'मिस्त्रीकडेच ने' असं एकमेकांना सांगत होते. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मॅट्रिक होऊन घरी बसलेली मुलगी असं लोक मला समजत. खरं म्हणजे मी बाबांचे डोळे म्हणून कामाला होते आणि त्या कामाला सुट्टी नव्हती.

दुकान म्हणजे हमरस्त्याच्या कडेची पत्र्याची शेड आणि घर म्हणजे तिच्या पाठीमागच्या दोन खोल्या. मधे गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडे बॅटरीच्या अ‍ॅसिडचा वास, पलीकडे तव्यावरच्या सुकटीचा. पाहुणे पहिल्यांदा आले की कोणत्या वासाला नाक धरावं या विचारात पडत. बाबांच्या कपड्यांबरोबर धुऊन धुऊन आईच्या लुगड्यांनाही अ‍ॅसिडची भोकं पडली होती. 'लोकांचे नवरे जरीची आणतात, माझा जाळीची आणतो,' असं ती शेजारणींना सांगायची. दुपारी तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी असायची, आणि ती खाताना ट्रक गेला की ताटातली पिठी थरथरायची. बाबा ताटावर हात ठेवून सांगायचे, 'भरलेला हाय. मुंबईकडं चाललाय.' ते काम कानांनी आणि बोटांनी करायचे. इंडिकेटरची टिकटिक ऐकून कोणत्या बाजूचा बल्ब गेला ते सांगायचे, वायरी बोटांनी मोजायचे, आणि रंग मात्र माझ्याकडून घ्यायचे. गिऱ्हाईक समोर उभं असलं की मी बोलायची नाही, खोकायची. एकदा खोकले की लाल, दोनदा खोकले की हिरवी, खोकलेच नाही की काळी. त्या दोन वर्षांत मी इतकी खोकले, की हिला क्षय आहे अशी आवई उठून एक स्थळ रस्त्यातूनच परत गेलं. आईनं कपाळाला हात लावला. मी मनातून खूश झाले, कारण त्या मुलाचे दात मी फोटोत पाहिले होते.

आम्ही बौद्ध. आमच्या हातचं पाणी न पिणारी काही घरं तेव्हाही होती, पण त्यांच्या गाडीच्या बॅटरीत आमच्याच हातचं पाणी पडायचं आणि ते त्यांना चालायचं. बाबांना त्याचं हसू यायचं. भुताखेतांचंही त्यांना हसूच यायचं. दुकानात लिंबू-मिरची नव्हती, शनिवारी कोणी टांगायला आला तर ते म्हणायचे, 'ठेवून जा, आमटीत घालतो.' गाडीत जे काही होतं ते वायरीतून होतं, आणि वायरीतून जे होतं ते माणसाला शोधता येतं, एवढाच त्यांचा धर्म होता म्हटलं तरी चालेल. मी त्याच धर्मात वाढले. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल गैरसमज नको.

नाना आले ते श्रावणात. नाना पोलादपूरचे. जन्म मुंबईत गिरणीत घालवून गावी परतले होते आणि येताना एक जुनी अँबॅसिडर घेऊन आले होते, जिचा पुढचा दिवा डोळा आलेल्या माणसासारखा दिसायचा. त्या दिवशी त्यांच्या मागे एका टेम्पोत मिलिटरीच्या लिलावातला दोन चाकी ट्रेलर होता. हिरवा, पत्र्याचा, पुढे दांडा आणि दांड्याच्या टोकाला मनगटाएवढी जाड लोखंडी कडी.

'मिस्त्री, एकदम फर्स्ट क्लास माल हाय,' नाना म्हणाले. 'माझ्या गाडीला मागं हूक बसवा, त्यात ही कडी अडकंल. मागचे लाल दिवे, ब्रेकचे, इंडिकेटर, सगळं कंप्लीट पायजे.'

'काय वाहणार यात?' बाबांनी विचारलं.

'मयत.'

शेडीत मी होते, बाबा होते, टेम्पोवाला होता. टेम्पोवाल्यानं ट्रेलरवरचा हात काढून घेतला. मग नानांनीच सांगितलं. मागच्या पावसाळ्यात त्यांची बहीण महाडच्या दवाखान्यात वारली. तिला डोंगरातल्या वाडीवर न्यायला एकही जीपवाला तयार होईना. पोलादपुरात रस्त्याच्या कडेला, एका बंद टपरीच्या वळचणीला, ती दिवसभर ताडपत्रीत पडून होती आणि नाना जीपवाल्यांच्या हातापाया पडत होते. 'प्यासिंजर नाराज होतात म्हणाले. गाडीला वास राहतो म्हणाले. तवाच ठरवलं. मानसं पुढं बसतील, मयत मागं एकटं निजंल, कोनाची तक्रार नको.' मग त्यांनी ट्रेलरच्या आत बोट दाखवलं. 'आनि मिस्त्री, एक दिवा आत पायजे. मयताजवळ दिवा लागतो. तेलाचा ठेवला तर घाटात वाऱ्यानं विझंल. तो इझता कामा नये. तुमी लायटीचा करून द्या.'

'मेलेल्या मानसाला उजेड कशाला वो नाना?'

'मला काय ठाव? लागतो, एवढं खरं.'

बाबा हसले नाहीत, याचं मला नवल वाटलं. ते ट्रेलरजवळ गेले आणि त्यांच्या सवयीप्रमाणे त्यावरून हात फिरवू लागले. बाहेरून, कडांवरून, मग आत तळाच्या पत्र्यावरून. तळावर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. पुन्हा ठेवला. मला म्हणाले, 'शालू, याच्यात काय ठेवलंवतं?' मी वाकून पाहिलं. काहीच नव्हतं, थोडं पावसाचं पाणी साचलेलं. पुष्कळ वर्षांनी, बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा, मी त्यांना विचारलं की त्या दिवशी हात का उचललात. ते म्हणाले, 'पत्रा गरम होता गो. कोन उठून गेल्यावर जागा गरम असते तसा.' मी म्हटलं, बाबा, भर पावसात? ते म्हणाले, 'म्हनून तर तुला सांगितलं नाय.'

हूक बसवायला दोन दिवस गेले. गाडीचा मागचा बंपर म्हणजे नुसती शोभा; त्याला वजन लावलं तर बंपर मागे राहील आणि गाडी पुढे जाईल. म्हणून शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून जाड लोखंडी पट्टी कापून आणली, ती चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, दोन्ही बाजूंना बोल्टनी आवळली आणि तिच्या मधोमध हूक. चासीत भोकं मी पाडली, हाताच्या ड्रिलनं, गाडीखाली उताणी पडून. गंज डोळ्यांत पडायचा. आई पडद्याआडून म्हणायची, 'हात बघा तिचे! कोन करील असल्या हाताची बायको?' बाबा म्हणायचे, 'ज्याची गाडी बंद पडंल तो.' मग वायरी. मागचे लाल दिवे एक, ब्रेक दोन, डावा-उजवा इंडिकेटर तीन-चार, आतला दिवा पाच. आणि सहावी काळी, अर्थची.

सहावीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण हे सगळं प्रकरण तिचंच आहे. दिव्याकडे गेलेल्या करंटला बॅटरीकडे परत यायला वाट लागते. गाडीत ती वाट गाडीचं लोखंडच असतं. ट्रेलर मात्र रबराच्या चाकांवर वेगळा उभा. त्याचं लोखंड गाडीच्या लोखंडाला फक्त एका ठिकाणी शिवतं, हुकात कडी बसते तिथे. पुष्कळ मिस्त्री त्या कडीवरच भागवायचे. बाबा नाही. 'सांध्यावर भरवसा ठेवू नये. कडी हलते, गंजते. परतीची वायर वेगळी ओढायची, आनि ती काळीच,' असं ते मला हजारदा म्हणाले असतील.

तर काळी वायर हातभर कमी पडली. दुसरा दिवस, संध्याकाळ होत आलेली, बाहेर धो धो पाऊस, दुकानं बाजाराच्या त्या टोकाला. नाना बाकड्यावर बसून घाई करत होते, दुसऱ्या दिवशी त्यांना गाडी हवी होती. माझे खांदे भरून आले होते. मी ओढलेली काळी वायर परत काढून घेतली आणि ठरवलं, कडीवर भागेल. सगळ्यांचं भागतं. पण ट्रेलरच्या वायरी गाडीला जोडणारा प्लग तपासताना बाबा त्या बोटांनी मोजणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी काळ्या वायरीचा बोटभर तुकडा कापला, प्लगच्या सहाव्या पिनेला जोडला आणि उरलेल्या पाचांबरोबर चिकटपट्टीत गुंडाळून टाकला. तो पुढे कुठेच जात नव्हता. बाबा आले, त्यांनी प्लग हातात घेतला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. 'शाबास,' म्हणाले. बटणं दाबून पाहिली, सगळे दिवे लखलखीत लागले. नाना खूश होऊन गेले. मी हातपाय धुऊन जेवायला बसले आणि मला भूकही चांगली लागली होती. आंधळ्या बापाच्या बोटांना फसवून मला भूक लागली, ही गोष्ट मी कधी कोणाला सांगितली नव्हती.

नानांच्या घरी पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. नानांची बायको देवभोळी. तिला एकच भीती, की मागच्या ट्रेलरमधलं मयत कडीवरून, हुकावरून चढून पुढे जित्या माणसांच्या गाडीत येईल. तिच्या हिशेबानं हूक म्हणजे शीव. गावाच्या शिवेवरच्या दगडाला फासतात तसा तिनं तेलात कालवलेला शेंदूर त्या हुकाला आणि कडीला आतून-बाहेरून फासला. एकदा नव्हे, प्रत्येक फेरीच्या आधी. तिनं जित्यांची आणि मेल्यांची वाट तोडली ती बरोबर तिथेच, जिथून माझा करंट परत यायचा होता.

भाद्रपद सरताना एका दुपारी पोलादपूरकडून आलेला ट्रकवाला दुकानाशी थांबला. 'मिस्त्री, नानाची गाडी पोलादपुरात उभी हाय. कशेडीच्या घाटात दरड आलीय, लाइन लागलीय. नाना म्हनतो, असंल तसं या. दिवा आपोआप लहान-मोठा होतोय. मानसं घाबरल्यात. मागचं लाल पन धड लागत नाय.'

मी पिशवीत काळ्या वायरीचं वेटोळं टाकलं. एसटीत बाबा खिडकीशी बसले होते, मांडीवर हत्यारांची पिशवी. गाडी पोलादपूरच्या अलीकडे आली तसं धुकं खाली उतरू लागलं. बाबांनी शांतपणे विचारलं, 'काळी वेगळी ओढलीवतीस ना?'

'हो,' मी म्हटलं.

खोटं एकदा बोललं की दुसऱ्यांदा ते आपसूक येतं, त्याला फार कष्ट पडत नाहीत.

पोलादपुरात रस्त्याच्या कडेला ट्रक, एसट्या, टेम्पो यांची रांग लागली होती, पण सगळी इंजिनं बंद. त्या रस्त्यावर इतकी शांतता मी पूर्वी ऐकली नव्हती. चार वाजले असतील, तरी धुक्यामुळे उजेड नुसता पांढरा, कुठून येतोय ते कळू नये असा. आणि त्या पांढऱ्यातून एका बाईचा आवाज येत होता. रडण्याचा नव्हे. आई ओसरीवरून पोराला जेवायला हाक मारते तसा.

'दत्तू... ए दत्तू...'

मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा.

नाना धावत आले. रुमालानं तोंड पुसत हळू आवाजात सांगू लागले. कशेडीच्या वाटेवरच्या एका वाडीतला पोरगा, दत्ताराम. मुंबईहून आजारी म्हणून गावी निघाला, महाडात दवाखान्यात ठेवला, तिथेच पहाटे गेला. बरोबर आई आणि दोन चुलते. पोलादपुरात अडकले तेव्हा आई उतरून ट्रेलरपाशी गेली. पोराचं डोकं पुढच्या बाजूला होतं. तिनं वाकून कानाशी हाक मारली, आणि आतला दिवा मोठा झाला. 'माझ्या डोळ्यांनी बघितलं, मिस्त्री. तिनं हाक मारली की दिवा मोठा होतो. ती गप ऱ्हायली की बारीक. दुसऱ्या कोनी हाक मारली तर काय नाय. चुलते पार तिकडं जाऊन बसल्यात. आनि ती म्हनते, पोरगा बोलतोय, मी न्हेऊ देनार नाय.'

आम्ही जवळ गेलो. ट्रेलरवर ताडपत्रीची कमान होती, मागची झडप वर बांधलेली. आत पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं लांबट काहीतरी आणि त्याच्या उशाशी बाबांनी लावलेला दिवा, विझायला आलेल्या निखाऱ्याएवढा. बाई पुढच्या फळीपाशी उभी होती. ठेंगणी, काष्ट्याचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. आमच्याकडे तिनं पाहिलंही नाही. दोन्ही हात फळीवर टेकून ती आत वाकली. 'दत्तू... ए बाला...'

आणि दिवा वाढला. सावकाश, श्वास भरून घ्यावा तसा वाढला. चादरीवरच्या सुरकुत्या दिसू लागल्या. मला ठाऊक होतं ते का होतंय. तिनं अंग टाकलं की दांडा खाली दबत होता, कडी हुकाच्या लोखंडाला घट्ट टेकत होती, तुटलेली वाट जुळत होती. सगळं ठाऊक असूनही माझ्या अंगावर काटा उभा राहिला, तो अजून आठवला तरी उभा राहतो. ती सरळ झाली, दिवा बारीक झाला. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. पोरानं हुंकार दिल्यावर आईच्या चेहऱ्यावर येतं तेच.

बाबांनी माझ्या कानाशी विचारलं, 'दिवा मोठा होतो तवा मागचे लाल पन मोठे होतात काय?'

'होतात. सगळे एकदम.'

'मंग वायर. परतीची.' बाबांचा आवाज बदलला नाही. तेवढ्यात पुढून कोणीतरी ओरडत आलं, दरड काढली, अर्ध्या तासात सोडतायत. पाठीमागे ट्रकची रांग, समोर घाट, धुकं हे असं, आणि नानांच्या गाडीला मागे धड दिवे नाहीत. पाठून येणाऱ्या ट्रकला ती दिसली नसती. गाडीत नाना, ती बाई आणि दोन चुलते बसणार होते. चार जिती माणसं.

मी ट्रेलरखाली शिरले. हुकाला हात लावला तर बोटं लालभडक झाली. क्षणभर मला ते रक्त वाटलं. वर, माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर, पत्र्यापलीकडे दत्तारामचं डोकं होतं. बाई पुन्हा हाक मारत होती आणि प्रत्येक हाकेला माझ्या कानाशी कडी 'कुर्र' करायची. मी ट्रेलरच्या चासीला काळी वायर आवळली, टोक बाबांकडे दिलं. बाबा चिखलात उकिडवे बसून प्लग उघडत होते. त्यांच्या बोटांनी पाच वायरी बाजूला केल्या, सहावीवर आली, तिच्यावरून पुढे सरकली आणि बोटभर अंतरावर थांबली. त्यांनी तो तुकडा दोन बोटांत धरला. किती वेळ ते मी सांगू शकत नाही. नाना तिथेच उभे होते. बाबांनी तुकडा काढला, सदऱ्याच्या खिशात टाकला, आणि एवढंच म्हणाले, 'काळी दे.'

वायर बसली. दिवा पेटला तो लख्ख आणि स्थिर. मागचे दोन्ही लाल, भरपूर. नाना म्हणाले, 'झाला! बराबर झाला!'

बाई फळीवर वाकली. 'दत्तू...' दिवा तसाच. तिनं अंग टाकलं, फळी दाबली, दोन्ही हात ताणून आत घातले. 'दत्तू, ए दत्तू, मी हाय रे...' तिसऱ्या हाकेनंतर ती वळली आणि माझ्याकडे पाहिलं. माझे हात शेंदरानं माखलेले होते.

'काय केलास गो तू त्येला?'

मला रडू फुटलं. 'मावशी, माझी चूक झाली होती. मी वायर...'

'वायर मी जोडलीवती,' बाबा मोठ्यानं म्हणाले. चुलते, नाना, चहाच्या टपरीवरचे ड्रायव्हर, सगळ्यांना ऐकू जाईल असं. 'बाय, चूक माझी. मला दिसत नाय. दोन वरसं झाली, डोळे गेल्यात माझे. एक वायर ऱ्हायली, म्हनून दिवा हलत व्हता. पोर उगीच आपल्यावर घेते.'

नानांनी बाबांच्या तोंडासमोर हात हलवून पाहिला, ते मी पाहिलं. दोन वर्षं जीव मुठीत धरून जे झाकलं होतं, ते बाबांनी चार वाक्यांत उघडं केलं, माझ्या आळसावर पांघरूण घालायला. मला ओरडून सांगायचं होतं की हे खोटं आहे, आणि मी ओरडले नाही. या वयातही त्याची लाज वाटते. पुढे काही ड्रायव्हर यायचे बंद झाले हे खरं. काही मात्र आले आणि उघडपणे मला म्हणाले, 'ताई, तुम्हीच करा.' दुकान मी तीस वर्षं चालवलं. आता कशेडीत बोगदा झालाय, घाट कधी संपला ते कळतही नाही. पण ते पुढचं.

बाई बाबांजवळ आली. 'म्हंजे त्यो बोलत नव्हता?'

'नाय बाय. वायर व्हती.'

तिनं मान हलवली, दोनदा. पदर खोचला, ट्रेलरकडे एकदा पाहिलं. मग चुलत्यांना म्हणाली, 'चला. न्हेऊ या आता,' आणि पुढे जाऊन गाडीत बसली. दार लावायचंही तिच्या लक्षात आलं नाही, ते नानांनी लावलं.

इंजिनं सुरू झाली, रांग हलली. नानांची गाडी धुक्यात शिरली. मी आणि बाबा कडेला उभे. मी बाबांना सांगत होते, कारण त्यांना काळजी होती: लाल दोन्ही दिसतायत. ब्रेक मारला, तोही दिसला. आतला दिवा झडपेतून दिसतोय, स्थिर आहे. गाडी पहिल्या वळणाशी पोचली. सगळी माणसं पुढे बसलेली, ट्रेलरला कोणाचा हात नाही. आणि तिथे आतला दिवा मोठा झाला. सावकाश, श्वास भरून घ्यावा तसा. चादर पांढरी दिसली इतका, इतक्या लांबून. मग बारीक झाला आणि वळणाआड गेला.

मी गप्प झाले. बाबांनी लगेच विचारलं, 'काय झालं?'

आणखी एक खोटं माझ्या जिभेवर तयार होतं. पण त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तो तुकडा होता. मी म्हटलं, 'आतला दिवा मोठा झाला, बाबा. एकदाच.'

'मागचे लाल?'

'ते होते तसेच.'

बाबांनी आपली बोटं एकमेकांवर घासून पाहिली, प्लग अजून हातात असल्यासारखी. त्या बोटांनी बसवलेली वायर सैल असणं शक्य नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

'मंग ते वायरचं नाय,' बाबा म्हणाले. एक ट्रक गेला, दुसरा गेला. 'आनि आपन त्या बायला वायरचं म्हनून सांगितलं.'